कीर्तनाचा व्हिडिओ: बाड की पोथी?

विषय कीर्तन घेताय? मग आधी यूट्यूब उघडाल. उघडा, पण जपून.

ख्रिश्चन नोव्हेट्झके यांच्या नामदेवांवरच्या इंग्रजी पुस्तकात (२००८) एक कामाचा फरक आहे: पोथी आणि बाड. पोथी जतन करायची. बाड म्हणजे कीर्तनकाराची वही, सादर करण्यासाठी.

मग व्हिडिओ काय? शिकणाऱ्याला तो बाडच. चाल अडली की मागे नेऊन पुन्हा ऐकता येते. पूर्वी त्यासाठी बुवांच्या मागे टाळ धरून उभं राहावं लागे. ही सोय मोठीच. पण अभ्यासकाने त्याची पोथी केली की घोटाळा होतो. कॅमेरा बहुतेक वेळ बुवांवर. नामघोष उचलणारे, मध्येच उठून जाणारे श्रोते चौकटीबाहेर. औंढा नागनाथची आख्यायिका आठवा: नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरलं म्हणतात. म्हणजे त्या कथेत खरी हालचाल ऐकणाऱ्याची आहे. व्ह्यूजच्या आकड्यात ती दिसत नाही.

म्हणून नर्सीला, नाहीतर तुमच्या गावच्या सप्ताहाला जा. श्रोत्यांकडे तोंड करून बसा, टिपणं घ्या. नंतर त्याच कीर्तनाचा व्हिडिओ पाहा. दोन्हींत जो फरक सापडेल, तिथून तुमचा संशोधन-प्रश्न सुरू होतो.