आधी नीट साफ करून घ्या

जपानी खाद्य-चित्रकथांमध्ये घास तोंडात गेला की आभाळ फाटतं. दाइसुके तेरासावाच्या ‘मिस्टर अजिक्को’त (१९८६) आईबरोबर खानावळ चालवणारा एक शाळकरी पोरगा एकेका पदार्थाने भल्याभल्यांची विकेट काढतो. त्यावरच्या ॲनिमेशन मालिकेत तर खाणाऱ्याच्या तोंडातून प्रकाशाचे झोत निघतात. २०१२ ते २०१९ या काळात गाजलेल्या ‘शोकुगेकी नो सोमा’मध्ये चव लागली की अंगावरचे कपडेच उडतात. मजा येते, नाही असं नाही. पण चार-पाच खंड झाले की आपण ताटाकडे बघायचं सोडून खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो.

रियोको कुईच्या ‘डंजन मेशी’त असलं काही होत नाही. ‘हार्ता’ या मासिकात ही चित्रकथा २०१४ ते २०२३ अशी चालली, तिचे चौदा खंड झाले आणि २०२४ साली ट्रिगर स्टुडिओची मालिका आल्यावर आपल्याकडच्या पोरांनाही ती ठाऊक झाली. इथली माणसं खातात, छान लागतंय म्हणतात आणि वाडगा पुन्हा पुढे करतात. कुईचा जीव रमतो तो त्याआधीच्या कामात. धुणं, सोलणं, चिरा देणं, वाळत घालणं. विशेष म्हणजे जे धुवायचं आणि सोलायचं, ते जगात कुठे मिळतच नाही.

गोष्ट व्हिडिओ गेमच्या वळणाची आहे. राक्षसी प्राण्यांनी भरलेल्या भुयारात लायोसची टोळी लाल ड्रॅगनपुढे उभी राहते, पण सगळ्यांची पोटं रिकामी. लायोसची बहीण फालीन ड्रॅगनच्या घशात जाता जाता मंत्र टाकून बाकीच्यांना बाहेर पोचवते. आता ती पचून जायच्या आत परत खाली जायचंय आणि गाठीला ना पैसा ना शिधा. लायोस म्हणतो, वाटेत जे भेटेल तेच खाऊ. मार्सिल ही चेटकीण यावर जे तोंड करते ते कुईने फार प्रेमाने काढलंय. पुढे कित्येक प्रकरणं ते तोंड नव्या नव्या कोनांतून बघायला मिळतं आणि एकदाही शिळं होत नाही.

पहिल्याच प्रकरणात राक्षसी विंचू आणि चालती अळिंबी पातेल्यात पडते. टोळीचा बेत साधा आहे, सगळं उकळायचं. तेवढ्यात सेन्शी नावाचा दाढीवाला बुटका येतो आणि यांचा हात धरतो. विंचू असा टाकतात का? डोकं, पाय, नांग्या, शेपूट काढा, शेपटीने पोट बिघडेल. अंगाला चिरा द्या, म्हणजे आच आत जाईल आणि रस बाहेर येईल. खेकडा साफ करताना बाजूला उभी राहून सूचना देणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सेन्शीची ओळख वेगळी करून द्यायला नको. त्याने दहा वर्षांहून जास्त काळ हेच खाणं अभ्यासलंय, पण तो कुणाला प्रभावित करायला बोलत नाही. चुकीचं रांधलेलं त्याला बघवत नाही, एवढंच.

मग येते स्लाइम. ही लिबलिबीत प्राणी-पिशवी वरून टपकून माणसाचा श्वास कोंडते. सेन्शी समजावतो की माणसाचं जठर उलटं केलं तर जसं होईल तशी हिची रचना असते. गरम पाण्यात लिंबूवर्गीय फळाचा रस घालून ती धुवायची, मीठ चोळायचं, उन्हात वाळवायची. चवीची तारीफ राहिली दूर, आधी शरीररचना, मग आंबट, मग मीठ, मग ऊन. अळूला चिंच कशाला लागते हे माहीत असलेल्या वाचकाला हा क्रम ऐकूनच विश्वास बसतो. पानाच्या कडेला साहित्याची यादी येते, तयार पदार्थाशेजारी पोषणमूल्यांचा छोटा आलेख. खोट्या गोष्टीला कुई अशी खरी कागदपत्रं जोडत जाते. सगळं काळ्या-पांढऱ्यात, म्हणजे रंगाची मदत नाही. वाफेच्या दोन रेषा आणि रश्श्यावरची थोडी चकाकी, तेवढ्यावर भूक लागते.

मँड्रेकचं प्रकरण मला सर्वांत आवडतं. हे मूळ उपटलं की किंचाळतं आणि ऐकणारा मरतो. सेन्शी किंचाळायच्या आत त्याची मुंडी छाटतो. मार्सिल पुस्तकी, तिला शास्त्राप्रमाणेच उपटायचंय, आणि त्यात ती स्वतःची फटफजिती करून घेते. पण ऑम्लेट झाल्यावर सेन्शीला कळतं की किंचाळून झालेलं मूळ चवीला सरस निघालं. अनुभवी हात बरोबर, पुस्तक चूक, असा सोपा निकाल कुईला सहज देता आला असता. तिने तो दिला नाही. सेन्शीही आढेवेढे न घेता मान डोलावतो.

भुयाराची रचनाही अशीच कामाला लागते. उकळतं तेल अंगावर सोडणारा सापळा दिसला की सेन्शीला त्यात तळण दिसतं. कुलपं आणि सापळे सांभाळणारा चिलचक आपल्या क्षेत्रात कुणाला बोटही लावू देत नाही. दिसायला पोर, पण खरं तर २९ वर्षांचा, तीन मुलींचा बाप. शेवटी हा धंद्यातला ताठा तेलाच्या तापमानावर येऊन विरघळतो. मातीच्या गोलेमांच्या पाठीवर सेन्शीने भाज्या लावल्या आहेत: ओल टिकते आणि चोर आला तर शेत स्वतःच उठून त्याला बडवतं. त्या मजल्यावरचे संडासही तोच साफ करतो. खत कुठून येतं, हा प्रश्न इतर कुठल्या चित्रकथेला पडला असेल असं वाटत नाही.

आणि मग ग्रिफिनचं सूप. पोरसवदा सेन्शी खाणकामगारांबरोबर भुयारात अडकला होता. उपासमारीत त्यांच्यातल्या एका मोठ्या माणसाने त्याला मांसाचं सूप पाजलं, ग्रिफिनचं म्हणून. ते नक्की कशाचं होतं, मेलेल्या सोबत्याचं तर नव्हे, ही शंका तो आयुष्यभर बाळगून आहे. आता खऱ्या ग्रिफिनचं सूप करून बघतात तर चव जुळत नाही. इथे कामी येतो तो लायोसचा प्राण्यांचा वेडा अभ्यास: तो ग्रिफिन नसून हिप्पोग्रिफ असावा. ते मांस शिजतं आणि सेन्शीला चव ओळखू येते. सोमाच्या जगात चव ही बक्षीस असते, इथे ती साक्ष आहे. ही पानं एकटी वाचली तर हलकी वाटतील. आधीच्या सगळ्या धुण्या-चिरण्यामुळे सेन्शीच्या जिभेवर आपला भरवसा बसलेला असतो, म्हणून ती लागतात.

शेवटच्या तृतीयांशात एल्फांचं राजकारण आणि दैत्य इतके पुढे येतात की चूल मागे पडते. नव्या पात्रांची गर्दीही जरा जास्तच. ड्रॅगनच्या भागात रक्त आणि हाडं उघड दिसतात, तेव्हा बारा-तेराच्या खालच्या मुलांना तो खंड देताना एकदा चाळून बघावा. एक मात्र खरं, फालीनचं काय करायचं हा सर्वांत मोठा पेच कुई तलवारीवर सोडत नाही. उपाय निघतो तो सेन्शीच्या पद्धतीनेच, सुरी-पातेलं घेऊन, आणि पंगतीला बसणाऱ्यांची संख्या पाहता पातेलंही मोठं लागतं.