‘स्मृतिचित्रां’तील दुःख आणि सोवळे

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत. सामान्य रसिक त्यातील विनोदावर आणि सहज भाषेवर लुब्ध होतो. ख्रिस्ती वाचक मात्र दुःखाच्या भट्टीतून तावून सुलाखून निघालेल्या श्रद्धेची साक्ष म्हणून तो वाचतो. पहिल्या मताविषयी वाद नाही. दुसरे मत ग्रंथाच्या आधारे तपासून पाहणे अगत्याचे आहे, कारण दुःख माणसास आपोआप उंच नेते असे या ग्रंथात कोठेही आढळत नाही.

ग्रंथाचा आरंभच याविरुद्ध पुरावा देतो. १८५७ च्या बंडात लक्ष्मीबाईंच्या मातुल आजोबांना फाशी झाली. त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याने असे काही ग्रासले की घरात येणारे धान्यच काय, मीठदेखील धुऊन घेतल्याशिवाय चालेना. यात कर्मठपणापेक्षा भयाचा भाग अधिक असावा. ज्या जगाने एवढा घाव घातला त्याचा स्पर्शच नको, ही त्यामागील वृत्ती. येथे दुःखाने एक मनुष्य आक्रसला, आणि त्याच्याबरोबर सारे घर आक्रसले. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, म्हणून त्यातील दारुणता आपल्या चटकन ध्यानात येत नाही, एवढेच.

पुढे १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. नवरा जिवंत असून संसार उठला. लहानग्या दत्तूसह लक्ष्मीबाई आप्तांच्या आश्रयाने, काही काळ पंढरपुरास, राहिल्या. दुःखातून उन्नती हाच नियम असता तर त्यांचे परिवर्तन या वर्षांत घडावयास हवे होते. पण घडले ते उलट. टिळकांजवळ परतल्यावरही त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी निराळे ठेवले. वडिलांचे सोवळे आता लेकीचा आधार झाले होते. ते सुटले ते विचाराने. जातिभेद देवाने केला की माणसाने, या प्रश्नाचा त्यांनी एकटीने, कोणाच्याही उपदेशावाचून छडा लावला आणि यापुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यावयाचे असे ठरविले. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली, वऱ्हाडासह सारा देश दुष्काळाने होरपळत असताना. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पाणी, मग धर्म.

मग दुःखाने काय केले? माझ्या मते त्याने प्रश्न विचारण्यास भाग पाडले. उत्तर मात्र दिले नाही. वडिलांनी तो प्रश्न कधी विचारलाच नाही. ख्रिस्ती प्रवचनांतून क्रूसाचे सांत्वन पुष्कळदा फार सवंग वाटले जाते. लक्ष्मीबाईंनी तो मोह टाळला आहे. टिळकांचा संताप आणि घरातील वस्तू वाटेल त्यास देऊन टाकण्याची त्यांची लहर, यांपैकी कशासही त्या ईश्वरी योजनेचे नाव देत नाहीत.

वऱ्हाडातील अभ्यासकास येथे ऋद्धिपूर आठवल्यावाचून राहत नाही. चक्रधरांच्या वियोगानंतर, तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साह्याने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, ते याच अमरावती जिल्ह्यातील गावी. दोन्ही ग्रंथांची श्रद्धा भिन्न, काळ भिन्न. महानुभाव अनुयायांना चक्रधर साक्षात ईश्वर, लक्ष्मीबाईंना टिळक हट्टी नवरा. तरीही दोन्ही ठिकाणी वियोगानंतरच्या आठवणींतून ग्रंथ उभा राहिला, आणि दोन्ही ठिकाणी शोकाचे निरूपण करण्याऐवजी गेलेला मनुष्य काय बोलला, कोणावर रागावला, कोणाकडे जेवला हेच नोंदले गेले. तत्त्वज्ञानापेक्षा तपशिलावर विश्वास टाकणारी ही मराठी गद्याची जुनी रीत आहे. लक्ष्मीबाईंनी ती कोठून उचलली, याचा शोध करण्यात अर्थ नाही. बायकांच्या बोलण्यात ती कधी खंडितच झाली नव्हती.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. बाप्तिस्म्यानंतरच्या भागांत माणसांची वर्दळ वाढते, अंतरंग क्वचितच उघडते. १९१९ मध्ये टिळक वारल्यावर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. त्या उपासनेविषयी येथे फारच थोडे कळते. टिळकांचे चरित्र लिहू इच्छिणाऱ्या देवदत्त या मुलाच्या आग्रहावरून आठवणींना आरंभ झाला होता, १९३४ पासून त्यांचे भाग निघू लागले, आणि १९३६ मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्यावर अखेरचा भाग पुरा करण्याचे काम त्याच मुलाकडे आले.