भिंत आणि शब्द : जुन्या तुरुंगपटांविषयी

तुरुंगपटांकडे पाहण्याची आपल्याकडील रसिकांची दृष्टी काहीशी संकोचाची असते. मारामाऱ्या, पहारेकऱ्यांच्या शिट्ट्या, कैद्यांची पंगत, रात्री भिंतीवरून फिरणारा दिव्याचा झोत, ही सामग्री असलेल्या चित्रपटाला कलाकृती म्हणावयाचे धाडस होत नाही. आणि तसा चित्रपट लागला की पाहिल्यावाचून राहवतही नाही. ज्याची आपण चारचौघांत थट्टा करतो आणि एकांतात आवडीने आस्वाद घेतो, अशा प्रकाराच्या मोहिनीचे कारण शोधणे हे टीकेचेच काम आहे.

पाश्चात्त्य तुरुंगपटांपुरता या प्रश्नाचा उलगडा फारसा अवघड नाही. त्यांचा विषय भिंत हा आहे. 'द ग्रेट एस्केप' (१९६३) मधले युद्धकैदी भुयाराची माती विजारीच्या पायांतून हळूहळू बागेत सांडतात. 'एस्केप फ्रॉम अल्काट्राझ' (१९७९) मधला कैदी पहारेकऱ्याची फसगत व्हावी म्हणून अंथरुणात बनावट डोके ठेवतो. रॉबर्ट ब्रेसाँ यांच्या 'ए मॅन एस्केप्ड' (१९५६) मध्ये तर एक चमचा घासून धार लावली जाते आणि त्याने दाराच्या फळ्या एकेक करून सोडविल्या जातात. या चित्रपटांना आपण साहसपट म्हणतो खरे. पण त्यांतला आनंद साहसापेक्षा कारागिरीचा असतो. जवळ साधन नाही, वेळ मात्र अमाप आहे, आणि चूक एकदाही परवडणारी नाही, अशा स्थितीत माणूस हाताने काय करू शकतो, हे तिथे पाहावयास मिळते. वर्षानुवर्षे एकाच मेजाशी बसून काम करणाऱ्या वर्गाला ही चिकाटी विशेष भावावी, यात नवल नाही.

मराठी मनाला तर सुटकेच्या कथेचे बाळकडूच मिळालेले आहे. १६६६ सालची आग्र्याहून सुटका आणि ते मिठाईचे पेटारे आपण अक्षरओळख होण्यापूर्वीच ऐकलेले असतात. १९१० साली मार्सेलिसच्या बंदरात सावरकरांनी बोटीतून घेतलेली उडी, १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडताना वसंतदादा पाटलांना लागलेली गोळी, या त्याच परंपरेतल्या गोष्टी. असे असता स्वातंत्र्यानंतरच्या आपल्या बोलपटांनी भिंत फोडण्याच्या कथेला अग्रमान दिला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आग्रा काय किंवा सांगली काय, कोठडी परक्या सत्तेची होती. तिथून निसटणे हाच धर्म होता. स्वराज्य आले आणि तुरुंग आपला झाला, तुरुंगाधिकारीही आपला झाला. मग निसटण्यातले पुण्य संपले आणि कथेला निराळा प्रश्न हाती घ्यावा लागला. कैदी बाहेर कसा पडेल, हा प्रश्न मागे पडला. बाहेर असलेला कैदी दिल्या शब्दाला जागेल काय, हा प्रश्न पुढे आला. माझ्या मते आपल्या तुरुंगपटाचे वेगळेपण आणि त्याची ओढ या प्रश्नात आहे.

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा या परंपरेचा मूळ पुरुष होय. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिच्यामागे औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली वसविलेल्या स्वतंत्रपूर या मुक्त वसाहतीचा प्रत्यक्ष प्रयोग उभा आहे, हे अनेकांना ठाऊक असते. त्या प्रयोगाचे प्रवर्तक मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमध्ये जन्मलेले अभियंते बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्याचे काम पाहात होते आणि तिथूनच ते औंधच्या आप्पा पंतांबरोबर गेले, हे मात्र इथल्या मराठी मंडळींनाही क्वचितच ठाऊक असते.

आदिनाथ हा तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांना बेड्यांवाचून ओसाड जमिनीवर नेतो. ते एकदा पळतात आणि त्याच्या डोळ्यांच्या धाकाने परत येतात. चित्रपटात दोष आहेत. उपदेशाचा सूर अधूनमधून चढतो, आदिनाथ जरा अधिकच निष्कलंक आहे, आणि सहा कैद्यांना सहा निरनिराळी अंतःकरणे लाभलेली नाहीत. तरीही त्याची पकड सुटत नाही. याचे कारण, हाणामारीच्या चित्रपटाला लागणारी सारी शक्ती इथे हात आवरण्यात खर्च झाली आहे. बाजारात व्यापाऱ्याची माणसे या सहाजणांना झोडपतात आणि ते प्रतिकार करीत नाहीत. ज्या हातांनी खून केले ते हात उगारले जावेत, अशी इच्छा त्या वेळी प्रेक्षकाच्याच मनात उसळते, आणि दिग्दर्शक ती पुरी करीत नाही. अखेरीस मोकाट सोडलेल्या बैलांशी झुंजताना आदिनाथ प्राण देतो. या झुंजीच्या चित्रणात शांतारामांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली होती. तिथे साहस आहे, पण ते रक्षणकर्त्याच्या वाट्याला आलेले आहे.

हाच प्रश्न पुढे 'शोले'त आला. बंगळूरहून जेमतेम पन्नास किलोमीटरांवर असलेल्या रामनगरच्या खडकांत चित्रित झालेल्या या बोलपटाला सहसा कोणी तुरुंगपट म्हणत नाही. पण त्याचा पाया कैद्याच्या शब्दावरच घातलेला आहे. हातकड्या घातलेले दोन चोर आगगाडीत डाकूंशी लढतात. पोलीस अधिकारी ठाकूर घायाळ होतो. आता पळून जावे की त्याला इस्पितळात न्यावे, हे ठरविण्यासाठी नाणे उडविले जाते, आणि ते थांबतात. या थांबण्याच्या आठवणीवर पुढे ठाकूर त्यांना शोधून काढतो. तुरुंगातले दृश्य मात्र केवळ विनोदी आहे. असरानींचा इंग्रजी अमदानीची ऐट मिरवणारा जेलर चॅप्लिनच्या हुकूमशहाच्या वळणावर बेतलेला आहे, आणि पिस्तुलाच्या नुसत्या बहाण्याने तो शरण येतो.

हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या सात आठवडे आधी, २६ जूनला, वाजपेयी, अडवाणी आणि मधू दंडवते यांना बंगळुरात अटक होऊन इथल्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवण्यात आले होते. चित्रपटगृहांनी गजबजलेल्या गांधीनगरापासून तो तुरुंग हाकेच्या अंतरावर. आज तिथे फ्रीडम पार्क आहे. जुन्या बराकी आणि टेहळणीचा मनोरा अजून पाहता येतो. देश बेफाम हसत होता, त्या वेळी खऱ्या जेलरच्या ताब्यात चौकशीवाचून डांबलेली माणसे होती. चित्रपटाचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. पण पडद्यावरचा तुरुंग आणि गावातला तुरुंग यांतले अंतर ध्यानात ठेवण्यास ही तारीख उपयोगी पडते.

यानंतर 'कर्मा' (१९८६) येतो. दिलीपकुमारांचा तुरुंगाधिकारी फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना बाहेर काढतो आणि आपल्या कुटुंबाच्या घातकाविरुद्ध लढावयास सिद्ध करतो. आदिनाथ, ठाकूर आणि हा राणा एका ओळीत उभे केले म्हणजे उतरण स्पष्ट दिसते. तिघेही अधिकारपदावरची माणसे, तिघेही कैद्यावर विश्वास टाकतात. पण आदिनाथाचा विश्वास कैद्यासाठी आहे. ठाकुराचा आणि राणाचा स्वतःच्या सूडासाठी. पहिल्या चित्रपटात कैदी माणूस होतो, पुढच्या दोहोंत तो हत्यार होतो. करमणूक वाढली, आणि जिच्यामुळे हा प्रकार केवळ मारामारीच्या वर चढला होता ती चिंता नाहीशी झाली.

आणखी एक आक्षेप आपण सरकारी नोकरांनी स्वतःवर घ्यावयास हवा. नियमांच्या वर उठणारा एक सहृदय अधिकारी पडद्यावर पाहून आपल्याला जे समाधान मिळते, त्यात आत्मस्तुतीचा अंश असतो. आपणही प्रसंगी असेच वागलो असतो, असे वाटून घेण्याची ती स्वस्त सोय आहे. परंतु नियम कैद्याला जखडतो तसा तो त्याचे रक्षणही करतो. १९७५ साली कायद्याचे कवच निघाले, तेव्हा एखादा जेलर दयाळू असण्याने बंदिवानाचा हक्क परत येणार नव्हता.

या दृष्टीने 'दो आँखें बारह हाथ' पुन्हा पाहावा. पडद्यावर आदिनाथ मरतो, आणि मरावयासच हवा. त्यावाचून कथेला परिणाम साधत नाही. आटपाडीला मात्र तो प्रयोग कोणाच्या हौतात्म्यावर उभा राहिला नाही. संस्थानाने त्याला आधार दिला, त्याची व्यवस्था लावली, आणि त्यामुळे औंध संस्थान विलीन झाले, प्रवर्तक निघून गेले, तरी महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे स्वतंत्रपूर आजही चालू आहे. तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू शकतात. चित्रपटाने एका माणसाच्या डोळ्यांवर सोपविलेले काम तिथे नियमाने चालते. आपल्या तुरुंगपटांनी ही दुसरी गोष्ट अद्याप सांगितलेली नाही. ती सांगणारा कोणी निघाला, तर पहिल्या खेळाचे तिकीट काढावयास आपण आनंदाने जाऊ.