कातरलेलं आभाळ

खेळ सांगायला एका ओळीचा. खगोलातल्या एखाद्या चित्राचा तुकडा कापून पडद्यावर ठेवायचा. खाली नाव नाही, तारीख नाही, अंतराची पट्टी नाही. बघणाऱ्याने सांगायचं, हे काय आणि कुठलं. ‘युनिव्हर्स टुडे’ या संकेतस्थळाने काही वर्षं दर आठवड्याला हा खेळ चालवला आणि त्यात एक छान मेख मारून ठेवली. चित्र ओळखलंत तर उत्तमच, पण ते कुठल्या यानाने वा दुर्बिणीने टिपलं हेही सांगितलंत तर स्वतःला जादा गुण द्या. गुण ज्याचे त्याने द्यायचे, म्हणजे लबाडीला मोकळं रान. पण ते असो. मला या खेळाची गोडी लागली ती त्या जादा गुणांपायी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाठांतरावर देता येतं. दुसऱ्यासाठी चित्र वाचावं लागतं.

चित्र कापलं की त्याचा विषय अर्धामुर्धा हरवतो. टिपणाऱ्याची खूण मात्र उरलेल्या तुकड्यात शिल्लक राहते. ताऱ्यांचंच घ्या. तुकड्यात एखादा ठळक तारा राहून गेला असेल तर मुरलेला खेळाडू बाकीचा देखावा सोडून आधी त्या ताऱ्याची टोकं मोजतो. चार टोकांची फुली असेल तर हबल असण्याचा संभव दाट. हबलचा दुय्यम आरसा चार पातळ पट्ट्यांनी धरून ठेवलेला आहे. त्या पट्ट्यांच्या कडांना घासून येताना प्रकाश किंचित वळतो आणि प्रत्येक तेजस्वी ताऱ्याला ही फुली चिकटते. ठळक सहा टोकं आणि त्यांच्या जोडीला दोन आखूड, अशी आठ दिसली तर जेम्स वेब. तिथे १८ षटकोनी तुकड्यांचा साडेसहा मीटरचा आरसा आहे. सहा टोकं त्या षटकोनाची, आखूड दोन आधाराच्या दांड्यांपैकी एकीची. ताऱ्याला स्वतःचं टोक एकही नसतं. तरी चित्रात तीच सगळ्यात ‘ताऱ्यासारखी’ वाटतात. म्हणून कापणाऱ्याने असा एखादा तारा मुद्दाम ठेवला आहे की चुकून राहिला आहे, हे ताडण्यातच निम्मी मजा.

हबलच्या जुन्या चित्रांत आणखी एक खूण सापडते. १ एप्रिल १९९५ रोजी टिपलेलं, जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांचं, गरुड तेजोमेघातल्या खांबांचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पोस्टरवर, वहीच्या पुठ्ठ्यावर, मोबाइलच्या पडद्यावर. मूळ चित्राचा एक कोपरा पायऱ्यापायऱ्यांनी काळा आहे. तिथे आकाशात काही घडलेलं नाही. हबलच्या तेव्हाच्या कॅमेऱ्यात चार भाग होते; चौथा भाग जास्त बारकाईने, पण आकाशाचा लहान तुकडा बघे. त्याचं चित्र इतरांच्या मापाला आणलं की आक्रसतं आणि उरलेली जागा काळी पडते. पुठ्ठ्यावर छापणारे ती पायरी कापून टाकतात. खेळात मात्र तिचं एक टोक ठेवलेलं असलं तर समजावं, समोरचा माणूस रसिक आहे.

याच चित्राचा दुसरा तुकडा बघू. सर्वांत उंच खांबाचं टोक. खांब तीन आहेत हे आता दिसत नाही, त्यामुळे ‘खांब’ ही कल्पनाच गळून पडते. उरतो तो तपकिरी, दाट, आतून अंधारलेला धुळीचा ढीग. त्याच्या कडेला हिरवट-निळसर उजेडाची झालर, आणि कडेतून बाहेर आलेली बोटांएवढी बारीक टोकं. यातलं एकेक टोक आपल्या सूर्यमालेहून मोठं आहे, पण ते इथे कळायची सोय नाही. कळतं एवढंच की उजेड वरून पडतो आहे आणि ढगाची कड त्या उजेडात झडते आहे. जवळच्या तापलेल्या तरुण ताऱ्यांचा अतिनील प्रकाश वायू उडवून लावतो. जिथे वायू जास्त घट्ट तिथली टोकं मागे उरतात. झालरीचा धूसरपणा म्हणजे उडून चाललेला वायू. पूर्ण चित्रात आपण खांबांच्या भव्यतेपुढे दबून जातो आणि ही झीज बघायची राहते. तुकड्यात तीच दिसते.

रंगांवर मात्र इथे विसंबू नये. गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा, अशी ती वाटणी आहे. गंधक आणि हायड्रोजनच्या ज्या रेषा इथे टिपल्या त्या दोन्ही डोळ्यांना लालच दिसल्या असत्या. शेजारीशेजारी ठेवल्या तर एकमेकींत मिसळून गेल्या असत्या, म्हणून एकीला हिरवा रंग दिला. याला कुणी खोटेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. नकाशात जिल्हे वेगवेगळ्या रंगांत असतात म्हणून कुणी फसवणुकीची तक्रार करत नाही.

या खेळातला माझा सर्वांत आवडता पेच नारिंगी दगडांचा. तुकड्यात नारिंगी-तपकिरी जमीन, तिच्यावर दगड, क्षितिज कापलेलं. ओठांवर लगेच मंगळ येतो. त्याला तिथेच थोपवावं आणि दगड बघावेत. ते चपटे, थराथरांचे, कडांना मोडलेले असतील आणि फटींतून काळपट माती दिसत असेल तर आपण शुक्रावर आहोत, १ मार्च १९८२ रोजी उतरलेल्या सोव्हिएत व्हेनेरा १३ च्या पायाशी. तापमान ४५७ अंश सेल्सिअस, हवेचा दाब पृथ्वीवरच्या सुमारे ९० पट. यानाने ३२ मिनिटं तग धरावी अशी योजना होती, त्याने १२७ मिनिटं धरली. दगडांचा नारिंगी रंगही दगडांचा नव्हे. तिथलं दाट वातावरण निळा प्रकाश वाटेतच गिळतं, त्यामुळे जमिनीवर पोचणारा उजेडच नारिंगी असतो. पांढऱ्या उजेडात ते दगड राखाडी दिसतील. मूळ चित्राच्या खालच्या कडेला यानाच्या कड्याचे करवतीसारखे दात आहेत आणि पुढ्यात कॅमेऱ्याचं गळून पडलेलं अर्धगोल झाकण. कापणाऱ्याने त्यातला एक दात ठेवला तर तो उदार. काहीच ठेवलं नाही तर मग खरी कसोटी.

दगड गोलसर असतील तर गोष्ट पालटते. रंग जवळपास तोच, पण कडा घासून गुळगुळीत झालेल्या, चित्र दाणेदार, जरा मऊ. दगडांच्या बुडाशी माती खरवडून गेल्यासारखी. गोट्याला गोटेपण यायला वाहावं लागतं. शुक्रावर वाहायला काही नाही. म्हणजे जिथे आज द्रव वाहतो किंवा अलीकडे वाहून गेला आहे अशी जागा हवी, आणि डोक्यावर दाट नारिंगी धुकंही हवं. अशी जागा एकच: शनीचा चंद्र टायटन. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स यान तिथे उतरलं आणि त्याने हे गोटे दाखवले. हातात मावतील असे, फार तर १०-१५ सेंटिमीटरचे. ते आहेत पाण्याच्या बर्फाचे. उणे १८० अंशांच्या आसपास बर्फ खडकाइतकाच टणक असतो. त्यांना घासलं ते द्रव मिथेनने. कडा, बूड, दाणे यांवरून कुणी या निष्कर्षाला पोचला तर त्याने नुसतं नाव ओळखलं असं मी म्हणणार नाही. सूर्यमालेतल्या दोन हवामानांतला फरक त्याने दगडावरून वाचला.

मंगळाची चित्रं या खेळात फार येतात, कारण मंगळाभोवती फिरणाऱ्या यानावरचा हायराइज कॅमेरा जमिनीवरच्या मेजाएवढ्या वस्तू दाखवू शकतो आणि चित्रांचा साठा प्रचंड आहे. इथे पहिली अडचण उजेडाची. आपला मेंदू उजेड वरून येतो असं गृहीत धरतो. सावली उलट्या बाजूला पडली की विवराचा डोंगर होतो आणि डोंगराचा खड्डा. तुकडा फिरवला की सगळं एका क्षणात पालटतं. काही जण मुद्दाम उलटा तुकडा ठेवतात. मला त्यात गैर वाटत नाही, अवकाशात वर-खाली कुठे असतं? शिवाय त्यावर उतारा आहे. हे यान मंगळाच्या ज्या भागावरून जातं तिथे दुपारचे साधारण तीन वाजलेले असतात, आणि उत्तर वर ठेवून मांडलेल्या चित्रांत उजेड पश्चिमेकडून, म्हणजे डावीकडून येतो. हे ज्याला ठाऊक आहे तो विवर आणि टेकडी यांत गोंधळत नाही. याच चित्रांत निळीशार वाळू दिसली तर दचकू नये. इथे अवरक्त प्रकाशाला लाल रंग दिलेला असतो आणि बाकीचे एकेक घर खाली सरकलेले असतात. त्या हिशेबात काळी बेसाल्टी वाळू निळी उमटते. निळं काही दिसलं की हायराइज, हा ठोकताळा पुष्कळदा लागू पडतो.

दक्षिण ध्रुवाकडचे ‘कोळी’ हा तर कापणाऱ्यांचा हुकमी एक्का. एका बिंदूपासून चहूकडे फुटत गेलेल्या वाकड्यातिकड्या चऱ्या. खाली ओळ नसली की कुणी त्यांना नदीखोरं म्हणतं, कुणी सूक्ष्मदर्शकाखालची नस. नदी असती तर फाटे एका दिशेला जमत गेले असते. इथे ते सगळीकडून मध्यावर येतात, म्हणजे पाणी बाद. हिवाळ्यात तिथे कार्बन डायऑक्साइडचा पारदर्शक बर्फ साचतो. वसंतात ऊन त्यातून आरपार जाऊन खालची जमीन तापवतं, बर्फाच्या बुडाशी वायू कोंडतो आणि फट सापडली की धूळ घेऊन उसळतो. त्या फटीकडे धावताना तो जमिनीत या चऱ्या कोरतो. पृथ्वीवर असं कुठेच घडत नाही, म्हणून ओळखीच्या कुठल्याही गोष्टीशी ताडून हे उत्तर मिळत नाही.

गुरूच्या ढगांचे तुकडे सोपे, जुन्या पुस्तकांच्या बांधणीतल्या अबरीच्या कागदासारखे, पाहताक्षणी गुरू. तिथे चुरस वेगळीच असते. जुनो यानावरचा कॅमेरा मुख्यतः लोकांसाठी बसवलेला. त्याची कच्ची चित्रं सगळ्यांना खुली असतात आणि हौशी मंडळी त्यांवर काम करतात. गेराल्ड आइशटेट, केव्हिन गिल, शॉन डोरान अशा काहींच्या हाताला आता स्वतःचं वळण आहे. गायक दिसत नसताना घराणं ओळखणारे कानसेन आपल्याकडे असतात, तसे इथे रंगाच्या गडदपणावरून माणूस ओळखणारे निघाले आहेत.

वाईट तुकडेही पुष्कळ. नुसत्या ताऱ्यांचं शेत, किंवा कुठल्याही सर्पिल दीर्घिकेच्या भुजेतली एक चिंधी. त्यात धागाच ठेवलेला नसतो. हरणाऱ्याला हरवून काय मिळवलं? शिवाय चित्रावरून चित्र शोधणारी यंत्रं आता हाताशी आहेत, त्यामुळे कापणारे अधिकच खोल कापायला लागले आहेत. चांगल्या तुकड्यात एक तरी प्रामाणिक खूण उरते, उत्तर कळल्यावर ‘ही तर समोरच होती’ असं वाटायला लावणारी.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एतिएन क्लाइन यांनी ३१ जुलै २०२२ रोजी केलेली गंमत या दृष्टीने बघण्यासारखी आहे. काळ्या पार्श्वभूमीवर लालभडक, ठिपक्याठिपक्यांची तबकडी, हा ४.२ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्सिमा सेंटॉरी तारा, जेम्स वेबने टिपलेला, असं त्यांनी लिहिलं. वेबची पहिली चित्रं येऊन महिनाही झाला नव्हता, लोक भारावलेले होते. पुष्कळांनी विश्वास ठेवला. तो होता चोरिथोचा, म्हणजे स्पॅनिश सॉसेजचा काप. क्लाइन यांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली आणि चित्रं आपणहून काही सिद्ध करतात असं मानू नका, हे सुचवायचं होतं असं सांगितलं. सुचवण्याची गरज होतीच. पण टोकं मोजायची सवय असलेला कुणी त्यात फसला नसता. वेबने बघितलेला एवढा जवळचा तारा टोकांशिवाय येणं शक्य नाही, आणि त्याच्या तबकडीवरचे ठिपके दिसणं तर त्या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेरचं.

एका खेळात मात्र उत्तर मांडणाऱ्यांकडेही नव्हतं. जुलै २००७ मध्ये गॅलेक्सी झू हा लोकांकडून दीर्घिका ओळखून घेणारा प्रकल्प सुरू झाला. स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या सुमारे नऊ लाख दीर्घिका, एकेक चौकोनी तुकड्यात कापलेली. ही सर्पिल की लंबगोल, एवढंच सांगायचं. हानी फान आर्केल या डच शिक्षिकेला लघुसिंहातल्या आयसी २४९७ या दीर्घिकेच्या खाली एक निळा फराटा दिसला. विचारलं त्याबद्दल नसूनही तिने उलट विचारलं, हे काय? शास्त्रज्ञांना सांगता येईना. पुढे उलगडलं ते असं: त्या दीर्घिकेच्या गाभ्यातला क्वेसार, म्हणजे अतिशय तेजस्वी केंद्र, खगोलाच्या मापाने अलीकडेच मंदावला आहे, पण त्याचा जुना प्रकाश शेजारच्या वायूच्या ढगावर अजून पडतो आहे. दिवा विझला, भिंत उजळलेली राहिली. तो ढग निळाही नाही. ऑक्सिजनची ती चमक हिरवी असते. स्लोनच्या रंगवाटणीत हिरव्या गाळणीला निळा रंग दिलेला आहे म्हणून तो निळा उमटला. हबलच्या चित्रात तो हिरवा आहे.

त्याच चित्रसाठ्यात लोकांना बारीक, गोल, हिरवे ठिपकेही सापडत गेले आणि ते गमतीने वाटाणे म्हणून गोळा करू लागले. चमक तीच, ऑक्सिजनची हिरवी. पण या दीर्घिका इतक्या लांब की प्रसरणामुळे त्यांचा हिरवा प्रकाश लालाकडे सरकून पुढच्या गाळणीत पडला, आणि त्या गाळणीला स्लोनच्या वाटणीत हिरवा रंग आहे. हिरव्याचा लाल होऊन लालाचा पुन्हा हिरवा. लहानशा आणि विलक्षण वेगाने तारे घडवणाऱ्या त्या दीर्घिकांवर २००९ साली शोधनिबंध निघाला, आणि त्याच्या मथळ्यातही लोकांनी ठेवलेलं नाव कायम राहिलं: हिरवे वाटाणे.