चार पावलं चालून

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबली आणि आमचा धडधाकट लॅपटॉप वयाच्या दहाव्या वर्षी निवृत्त ठरला. भाचा म्हणाला, “मामा, लिनक्स घाला. फुकट असतं.” फुकट म्हटलं की बी.कॉम. झालेल्या माणसाला आधी संशय येतो. पण नव्या लॅपटॉपची किंमत ऐकली आणि संशय फिटला.

लिनक्सचा मोठा गुण असा, की ते पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. चपलेच्या दुकानात चार पावलं चालून पाहावीत, तसं. डेबियन १९९३चं, जुनं घराणं. आवृत्त्यांना नावं ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची, पण स्वभाव आमच्या हेड कॅशिअरचा, दोनदा मोजल्याशिवाय नोट पुढे सरकत नाही. २००४चं उबुंटू त्याचं चिरंजीव, आणि मिंट नातू. आर्चनं काळ्या पडद्यावर लुकलुकता कर्सर दाखवला. मी आदबीनं मागे फिरलो.

जाणकार मंडळी यात रंगरूपावर हिरिरीनं भांडतात. माझी अडचण वेगळीच होती. दादांनी शेवटच्या वर्षांत टाइप केलेल्या आठवणी जुन्या मराठी फॉन्टात होत्या, आणि आजोबा, मुलगा, नातू, तिघांनीही त्या सारख्याच अगम्य करून दाखवल्या! दोष फॉन्टचा, घराण्याचा नव्हे. जुन्या सीडीतून तो शोधून मिंटमध्ये घातला आणि दादांचं ‘चि. बाळास’ पडद्यावर उमटलं.

सौ.नं मिंटचा मेनू न विचारता उघडला. निवड झाली.

भाचा म्हणतो, एकदा फेडोरा बघाच. मी त्याचा पेन ड्राइव्ह परत केला.