‘काँट्रा’ : दुसऱ्या अल्बमची कसोटी

पहिला अल्बम गाजला की इंडी पॉप बँडची खरी पंचाईत दुसऱ्याच्या वेळी होते. तेच केलं तर ‘तोचतोचपणा’, वेगळं केलं तर ‘बिघडले’. २००८ नंतरच्या चार-पाच वर्षांत न्यूयॉर्क-लंडनकडच्या बऱ्याच तरुण बँडची या प्रश्नाने दमछाक केली. एमजीएमटीने ‘काँग्रॅच्युलेशन्स’मध्ये (२०१०) नाचरी गाणी टाकून देऊन बारा मिनिटांचं एक गाणं श्रोत्यांपुढे ठेवलं. ते हट्टाने केल्यासारखं वाटतं. लंडनच्या द एक्सएक्सने ‘कोएक्झिस्ट’मध्ये (२०१२) आधीच विरळ असलेलं संगीत आणखी विरळ केलं, इतकं की काही गाण्यांत हाती फारसं लागतच नाही. या सगळ्यांत मला मोलाचा वाटतो तो व्हॅम्पायर वीकेंडचा ‘काँट्रा’.

कोलंबिया विद्यापीठात एकत्र आलेल्या या चौघांचा पहिला अल्बम जानेवारी २००८मधला. कांगोच्या नाचाच्या संगीतातली लखलखीत गिटार, तिला पाश्चात्त्य तंतुवाद्यांची जोड आणि वर महागड्या सुट्टीच्या ठिकाणांची नावं. आफ्रिकी संगीतावर उभ्या पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’शी (१९८६) तुलना होणारच होती. त्याहून बोचरा आक्षेप असा, की खात्यापित्या घरची ही पोरं आफ्रिकेचं संगीत हौस म्हणून अंगावर घालतात. आक्षेप अगदीच निराधार नव्हता.

दोन वर्षांनी आलेल्या ‘काँट्रा’त त्यांनी उसनवारी सोडली नाही, उलट वाढवली. मात्र गिटार मागे सरली आणि बँडमधल्या रोस्तम बतमांगलीजचे कीबोर्ड, यंत्रावर रचलेले ठेके पुढे आले. ‘कॅलिफोर्निया इंग्लिश’मध्ये गायक एझ्रा केनिगचा आवाज ऑटोट्यूनमधून काढला आहे, ती नुसती हुशारी, दोनदा ऐकली की संपते. ‘टॅक्सी कॅब’ तशी नाही. तिथे केनिग जवळजवळ बोलल्यासारखा गातो, आणि पहिल्या अल्बममध्ये दर ओळीला डोकावणारा मिश्कीलपणा प्रथमच गप्प बसतो.

खरी झेप आहे ‘डिप्लोमॅट्स सन’मध्ये. सहा मिनिटांचं हे गाणं रेगेच्या अंगाने डुलतं, त्यात रॅपर एम.आय.ए.च्या आवाजाचा तुकडा आहे, जमैकाच्या टूट्स अँड द मेटल्सची आठवण आहे. वरवर पाहता पुन्हा तीच जुळवाजुळव. पण गोष्ट एका रात्रीची: मित्राबरोबरची जवळीक, आणि सकाळी जाग येते तेव्हा तो निघून गेलेला. इथे परक्या चालीची ऐट मिरवली जात नाही. तो सैल, आरामशीर ठेका निवेदकाला सरळ सांगता न येणारं सांगायला आडोसा देतो. उसनं घेतलेलं पचवलं की नाही, हे ओळखण्याची माझ्या मते हीच खूण.

शीर्षकातही चिमटा आहे. निकाराग्वातल्या सँडिनिस्टा सरकारविरुद्ध अमेरिकेच्या पाठबळाने लढणारे ते काँट्रा, आणि ‘सँडिनिस्टा!’ हा १९८०चा द क्लॅशचा अल्बम. म्हणजे ज्या डाव्या, बंडखोर रॉकच्या मापाने आपल्याला खोटं ठरवलं जातं, त्याच्या विरुद्ध बाजूचं नाव यांनी आपण होऊन लावून घेतलं. शेवटचं, संथ ‘आय थिंक यूर अ काँट्रा’ हा आरोप प्रेमभंगाच्या भाषेत फिरवून आणतं, आणि तो नेमका कोणावर बसतो याबद्दल ऐकणाऱ्याला निश्चिंत राहू देत नाही.

‘काँट्रा’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. पण आकड्यांनी प्रौढपणा सिद्ध होत नाही, आणि अल्बम निर्दोषही नाही: ‘हॉलिडे’ पहिल्या अल्बममधून उरलेलं वाटतं, ‘कझिन्स’ नुसतं धावतं. मृत्यू आणि श्रद्धा यांना भिडणारा २०१३चा तिसरा अल्बम, ‘मॉडर्न व्हॅम्पायर्स ऑफ द सिटी’, याच्यापेक्षा निर्विवाद सरस आहे. मात्र त्याची वाट ‘काँट्रा’च्या अखेरच्या दोन गाण्यांतच सापडली. नव्याने ऐकणाऱ्याने नवव्या गाण्यापासून, म्हणजे ‘डिप्लोमॅट्स सन’पासून, सुरुवात करावी.