गेडिसचा इंदूर-अहवाल : शंभर वर्षांनंतरचे वाचन

शासकीय अहवालाला वाङ्मय मानावे काय, असे कोणी विचारले तर सभेतील बहुतेक रसिक हसतील. अहवाल लिहिण्यात आणि त्याहून अधिक ते वाचण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे मलाही त्या लेखनप्रकाराविषयी फारसे ममत्व उरलेले नाही. परंतु पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताने होळकर दरबारासाठी लिहिलेला आणि १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल हा ठळक अपवाद होय. शहरातील रस्त्यांवर पुन्हा हिरवळ आणण्याची भाषा आज सर्वत्र ऐकू येते. त्या भाषेत काय हरवले आहे, हे हा अहवाल वाचताना कळते.

गेडिस हा पेशाने वनस्पतिशास्त्रज्ञ, डंडी येथील प्राध्यापक. एडिंबरोच्या जुन्या, दाटीच्या वस्तीत पडीक जागा हेरून तेथे लहान लहान बागा करण्याचा उद्योग त्याने हिंदुस्थानात येण्यापूर्वीच केलेला होता. १९१४ साली तो इकडे आला. बडोद्याविषयीचा त्याचा अहवाल १९१६ चा आहे. जुन्या पेठा पाडून त्यांतून सरळ, रुंद रस्ते काढण्याच्या त्या काळच्या हौसेला त्याचा ठाम विरोध होता. गल्ली आहे तशी राहू द्यावी, मोडकळीस आलेले एखादे घर तेवढे काढावे, त्या जागी चौक मोकळा करावा, झाड लावावे, अशी त्याची रीत. खान आणि सरस्वती या नद्यांकडेही तो सांडपाण्याची वाट म्हणून पाहत नाही. त्यांच्या काठांवर त्याला बागा दिसतात.

अहवालाचा खरा गाभा मात्र तुळशीत आहे. नीट राखलेल्या घराचे चिन्ह म्हणजे अंगणातील तुळस, हे या परकीयाने ओळखले. आपल्याकडे तुळशीवर भक्तिपर लेखन उदंड आहे. पण नगररचनेच्या ग्रंथात तिला मानाचे स्थान देणारा लेखक दुसरा मला ठाऊक नाही. यामागील विचार असा, की शहरातील झाड जगते ते कोणाच्या तरी रोजच्या तांब्याभर पाण्यावर. अंगणापासून गल्ली, गल्लीपासून चौक आणि चौकापासून नदीकाठ अशी त्याची हिरवळ आतून बाहेर पसरत जाते. १९१७ च्या दिवाळीत त्याने इंदुरात जी मिरवणूक काढली, तिचे वर्णन त्याच्या चरित्रांत येते. घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे दहन झाले, सफाई कामगारांचा सन्मान झाला आणि लोकांना तुळशीची रोपे वाटण्यात आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याचा मुलगा फ्रान्सच्या रणभूमीवर पडला होता आणि जूनमध्ये पत्नी कलकत्त्यात वारली होती. हे ठाऊक असले म्हणजे ती मिरवणूक निव्वळ एका हौशी माणसाचा खेळ वाटत नाही.

दोष आहेतच. गेडिसची वाक्ये फाटे फोडीत जातात. एक विषय संपण्यापूर्वी तीन नवे निघतात. तो लिहीत नाही, बोलतो. आणि ऐकणाऱ्याला उसंत देत नाही. त्याहून मोठा दोष असा, की एका दिवसाच्या हारतुऱ्यांनी सफाई कामगाराचे जिणे पालटेल, असा भाबडा विश्वास त्यात डोकावतो. शिवाय सगळी भिस्त राजाच्या उत्साहावर. महाराज तुकोजीराव (तिसरे) १९२६ साली पायउतार झाले. कारभाऱ्यांच्या कपाटात गेलेल्या योजनेचे पुढे काय होते, हे मी अनुभवाने जाणतो.

तरीही आजच्या उपक्रमांशेजारी हा अहवाल ठेवला की त्याची उंची ध्यानात येते. १४ जुलै २०२४ रोजी याच इंदुरात, रेवती रेंजवर, चोवीस तासांत अकरा लाखांहून अधिक रोपे लावून जागतिक विक्रम नोंदविण्यात आला. हे सामर्थ्य थोडके नव्हे. पण विक्रम मोजला जातो तो लावण्याचा. रोपाची परीक्षा पुढच्या वैशाखात असते, तिथे प्रमाणपत्र द्यायला कोणी येत नाही. आणि टेकडीवरची गर्द झाडी शहरातील उन्हात चालणाऱ्याच्या डोक्यावर सावली धरत नाही. इमली बाजार, बडवाली चौकी, पिपल्याहाना ही आपल्या शहरातील नावे झाडांची आहेत. मोहल्ल्याला नाव देण्याइतकी ती झाडे लोकांच्या रोजच्या वाटेवर होती.

रस्त्यावर जी झाडे उरली आहेत, त्यांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक भिडवलेले असतात. पावसाचे पाणी मुळांशी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. मग एखाद्या वादळात झाड उन्मळते आणि दोष झाडाला दिला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्यास सांगितले होते. आळे म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नाही. नगरांना ते लवादाने सांगावे लागले! झाड कोणते लावावे याचाही विचार हवा. भराभर वाढते म्हणून शहरोशहरी लावलेल्या कोनोकार्पसवर गुजरात शासनाला २०२३ साली बंदी घालावी लागली. बडोद्याच्या वाचकांना हे सांगायला नको. वडावरून ज्या नगरीचे नाव पडले, तिच्या राज्यात ही वेळ आली. कडुनिंब, करंज, जांभूळ सावकाश वाढतात, एवढाच त्यांचा अपराध.

मध्य प्रदेशात नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या रक्षणासाठी २००१ चा अधिनियम आहे. त्यात परवानगीशिवाय तोड नाही आणि तोडल्यास बदली लागवड आहे. कायदा चांगला आहे. परंतु साठ वर्षांच्या पिंपळाची बदली नर्सरीतील हातभर रोपाने होते, हे अंकगणित गेडिसला मान्य झाले नसते. त्याच्या लेखी झाड म्हणजे त्याच्याखाली बसणारी माणसे, वर राहणारी पाखरे आणि भोवतालची मुरलेली माती. यातले काहीच दुसरीकडे हलवता येत नाही.

अहवालाच्या दुसऱ्या खंडात मध्य भारतासाठी विद्यापीठाची योजना आहे. इंदूर विद्यापीठ प्रत्यक्षात आले ते १९६४ साली. तो विषय निराळा, म्हणून येथे घेतलेला नाही.